सात मीटरवरचं भोक: ठिबक नळीच्या एका कंट्रोलरचं प्रकरण

पार्श्वभूमी

जळगाव जिल्ह्यात ठिबकची नळी बनवणारे मोठे कारखाने आहेत, तसे दोन-तीन लाईनींवर चालणारे छोटेही आहेत. हे प्रकरण अशाच एका छोट्या कारखान्यातलं आहे. मालकांच्या संमतीने लिहितो आहे आणि त्यांची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. मी खान्देशातल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात एम्बेडेड सिस्टिम, म्हणजे यंत्रांच्या पोटातले छोटे संगणक, शिकवतो. त्या वर्षी एम. टेक.चा माझा एक विद्यार्थी रिअल-टाइम सिस्टिमच्या, म्हणजे ठरल्या वेळेतच काम व्हायला हवं अशा सिस्टिमच्या, मॉडेलिंगवर प्रबंध करत होता आणि त्याला खरं, चालतं उदाहरण हवं होतं. कारखान्याला कुणीतरी येऊन बघायला हवं होतं. असं ते जमलं.

इनलाईन नळी कशी बनते, ते आधी सांगतो. प्लास्टिक वितळवून नळी काढणाऱ्या एक्स्ट्रूडरमधून गरम नळी बाहेर पडतानाच तिच्या पोटात ठराविक अंतराने ड्रिपर, म्हणजे पाणी थेंबाथेंबाने सोडणारे छोटे तुकडे, सोडले जातात. नळी पाण्याच्या टाकीतून थंड होत पुढे सरकते. ड्रिपर असतो तिथे नळीला बारीकसा फुगवटा येतो. एक सेन्सर तो फुगवटा टिपतो आणि तिथून ३२० मिलिमीटर पुढे, हवेच्या दाबावर चालणारा पंच बरोबर ड्रिपरच्या खाचेवर भोक पाडतो. त्यापुढे कटर आहे आणि त्यानंतर गुंडाळणी. ५०० मीटर झाले की कटर नळी कापतो आणि नवं बंडल सुरू होतं.

भोक खाचेवर पडलं तर ताशी ४ लिटरचा ड्रिपर ताशी ४ लिटरच देतो. भोक ड्रिपरच्या बाहेर पडलं तर तिथून पाण्याची सरळ पिचकारी उडते. ड्रिपरमधल्या नागमोडी वाटेवर अधेमधे पडलं तर पाणी हवं त्यापेक्षा जास्त जातं. या नळीत खाचेच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना ६ मिलिमीटर इतकीच मोकळीक होती.

हे सगळं चालवणारा कंट्रोलर पुण्याकडच्या एका छोट्या पुरवठादाराने चार वर्षांपूर्वी बनवून दिला होता. त्यात एसटीएम३२ मालिकेतला प्रोसेसर होता आणि त्यावर फ्रीआरटीओएस, म्हणजे एकाच प्रोसेसरवर अनेक कामं (टास्कं) प्राधान्याप्रमाणे चालवणारी छोटी कार्यप्रणाली. पंचाचं टास्क सगळ्यांत वरच्या प्राधान्याचं, त्याखाली एक्स्ट्रूडरशी आणि मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हशी मॉडबस या यंत्रांच्या भाषेत बोलणारं टास्क, मग स्क्रीन, आणि सगळ्यांत खाली बंडलाची नोंद मेमरी कार्डावर लिहिणारं टास्क. पुरवठादाराने तो धंदा सोडला होता. सोर्स कोड मात्र मालकांनी तेव्हाच मागून ठेवला होता. तो नसता तर हे प्रकरण लिहायला उरलंच नसतं.

तक्रार

जानेवारीत मालकांनी लाईनीचा वेग मिनिटाला ३० मीटरवरून ६० वर नेला. कूलिंग टाकी लांबवली, मोटर बदलली. कंट्रोलरला हात लावायचं कारण नव्हतं. वेगाचा आकडा स्क्रीनवर टाकला की तो आपला हिशोब करत होता.

मार्चच्या मध्यावर रावेर तालुक्यातल्या एका केळीच्या बागेतून तक्रार आली. नव्या नळीतून एका खोडापाशी डबकं साचत होतं आणि त्याच ओळीच्या शेवटच्या झाडांना पाणी पुरत नव्हतं. डीलरने नळीचा तेवढा तुकडा कापून जॉइनर लावून दिला आणि तुकडा कारखान्यात पाठवला. भोक खाचेच्या ९ मिलिमीटर मागे होतं. आणखी दोन आठवड्यांत असे सहा तुकडे जमा झाले.

सहा तुकडे ऐकायला काहीच नाहीत. ४० सेंटीमीटर अंतराच्या ५०० मीटर बंडलात १२५० ड्रिपर असतात, आणि कारखाना दिवसाला दीडशेच्या वर बंडलं काढत होता. पण मार्च ते जून हा खान्देशात ठिबकचा हंगाम. बागायती कपाशी लावायची असते, त्यामागोमाग मृग बागेची तयारी. शेतकरी नळी एकदा अंथरतो आणि त्यावर वर्षं काढतो. एका पिचकारीने ओळीतला दाब उतरतो आणि भोगतात शेवटची झाडं. मालकांनी पहिल्याच भेटीत सहाही तुकडे टेबलावर ओळीने मांडले आणि म्हणाले, “सर, मला टक्केवारी सांगू नका. हे का होतं ते सांगा.”

संशय कुणाकुणावर

पहिले अकरा दिवस आम्ही चुकीच्या जागी शोधत होतो. ते इथे लिहिलं पाहिजे, कारण त्या वेळी प्रत्येक संशय आम्हाला रास्त वाटत होता.

पहिला संशय उन्हावर. मार्च संपता संपता पत्र्याच्या शेडमध्ये पाऱ्याने चाळिशी ओलांडली होती. घड्याळाचा क्रिस्टल तापमानाने सरकतो, हे आपण वर्गात शिकवतो. पण हिशोब केला तर तो संशय तिथेच मिटायला हवा होता. क्रिस्टल अगदी दहा लाखांत शंभर भाग इतका सरकला, तरी ३२० मिलिसेकंदांच्या वाटचालीत चूक ०.०३ मिलिसेकंदाची येते. म्हणजे मिलिमीटरचा तेहतिसावा भाग. हा हिशोब आम्ही तिसऱ्या दिवशी केला. पहिल्या तासात करता आला असता.

दुसरा संशय नळीवर फिरून तिची लांबी मोजणाऱ्या एन्कोडरच्या चाकावर. टाकीतून आलेल्या नळीवर पाण्याचा पातळ थर असतो, त्यावर चाक घसरत असेल असं वाटलं. चाकाला नवं रबर लावलं, पुसणी बदलली. एक चुकीचं भोक तरीही मिळालंच.

तिसरा संशय ड्राइव्हच्या गोंगाटावर. केबल शील्ड केल्या, अर्थिंग तपासलं. हे काम चांगलंच झालं, पण रोगाचा त्याच्याशी संबंध नव्हता.

मग विद्यार्थ्याने कोडमध्ये जागोजागी छापण्याच्या ओळी घातल्या, म्हणजे कोणतं टास्क केव्हा चाललं ते लॅपटॉपवर दिसेल. त्या घातल्यावर दीड दिवस एकही भोक चुकलेलं सापडलं नाही. आम्हाला आनंद व्हायच्या ऐवजी धास्ती वाटली, आणि ती वाटणं बरोबर होतं. छापायलाही वेळ लागतो. त्या वेळाने सगळ्या टास्कांची चाल बदलली आणि दोष तात्पुरता लपला. रिअल-टाइम सिस्टिममध्ये बघणाराही खेळात उतरतो. तेव्हापासून आम्ही छापणं बंद केलं. प्रोसेसरच्या चार रिकाम्या पिना वर-खाली करायच्या आणि ती चढ-उतार रेघांत दाखवणाऱ्या लॉजिक ॲनालायझरवर बघायची, एवढंच ठेवलं. पिन हलवायला मायक्रोसेकंदाचाही अंश पुरतो.

हे चालू असताना लाईनीवरचे जुने ऑपरेटर, त्यांना सगळे आप्पा म्हणतात, रोज बाजूला उभे राहून बघत होते. बाराव्या दिवशी विद्यार्थी त्यांच्यासोबत चहाला बसला होता. आप्पा म्हणाले, “भाऊ, रोज नही व्हस. बंडल बदलं का मंगच व्हस.”

त्यांनी ते पाहिलं कसं? बंडल बदलतं त्या क्षणी पंचाचा आवाज कधी कधी किंचित उशिरा येतो, असं ते म्हणाले. पंचाचा ठोका वर्षानुवर्षं ऐकलेल्या कानाला दहा-बारा मिलिसेकंदांचा फरक कळत होता. हे त्यांनी आधी का सांगितलं नाही, तर आम्ही विचारलं नव्हतं.

सात मीटर

आप्पांचं म्हणणं तपासायचा सोपा मार्ग होता. कटरच्या क्षणी पंचाखाली जी नळी असते, ती पुढच्या बंडलात जाते. पंच ते कटर हे अंतर आम्ही टेपने मोजलं: ७ मीटर १० सेंटीमीटर. आप्पा म्हणतात ते खरं असेल, तर चुकलेलं प्रत्येक भोक बंडलाच्या सुरुवातीच्या टोकापासून याच अंतरावर असायला हवं.

डीलरांकडून आलेले तुकडे कापूनच आले होते, त्यामुळे त्यांच्यावरून काही कळणार नव्हतं. मालकांनी एका दिवसाचं सगळं उत्पादन, १६८ बंडलं, बाजूला काढायला लावलं. प्रत्येकाचं आतलं टोक दहा मीटर ओढून प्रत्येक भोक गेजने तपासलं. सहा माणसं, एक पूर्ण दिवस. तीन चुकलेली भोकं मिळाली आणि तिन्ही सात मीटर दहा ते सात मीटर वीस सेंटीमीटरच्या दरम्यान होती.

कारखान्याच्या तपासणीत हे कधीच का सापडलं नाही, तेही त्याच दिवशी उमगलं. तपासणीचा नमुना बंडलाच्या बाहेरच्या टोकाचा घेत. दोष नेहमी आतल्या टोकापाशी होता.

कागदावर मांडल्यावर

आता कोडमध्ये नेमकं कुठे बघायचं ते माहीत होतं. बंडल बदललं की नोंदीचं टास्क जागं होतं. एकूण भोकं, लांबी, वेळ ही माहिती एका सामाईक रचनेत होती आणि तिच्यावर लॉक होतं, म्हणजे एका वेळी एकाच टास्काने ती हाताळायची. नोंदीचं टास्क ते लॉक घेई आणि हातात ठेवूनच कार्डावर लिही. इकडे पंचाचं टास्क आपली वेळ झाली की आधी तेच लॉक घेऊन भोकांचा आकडा एकने वाढवी आणि मग पंच सोडी. आधी नोंद, मग भोक. चार ओळींचा क्रम, पण सगळं प्रकरण त्या चार ओळींत होतं.

त्यात भर म्हणजे लॉकसाठी बायनरी सेमाफोर वापरला होता. फ्रीआरटीओएसमध्ये म्युटेक्स या लॉकच्या दुसऱ्या प्रकाराला प्राधान्याचा वारसा मिळतो, बायनरी सेमाफोरला मिळत नाही. वारसा म्हणजे असं: वरचं टास्क खालच्याच्या लॉकसाठी थांबलं, की खालच्याला तेवढ्यापुरतं वरचं प्राधान्य मिळतं आणि मधलं कुणी त्याला अडवू शकत नाही. इथे तो नसल्यामुळे नोंदीचं टास्क लॉक घेऊन बसलेलं, पंच त्याची वाट पाहतोय आणि मधलं मॉडबस नोंदीच्या टास्कला बाजूला सारून आपलं काम करतंय, अशी अवस्था होई. सगळ्यांत महत्त्वाचं काम मधल्या दर्जाच्या कामामुळे खोळंबे. याला प्राधान्य-उलट म्हणतात. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक याच दोषाने पुन्हा पुन्हा रीसेट होत होता. पृथ्वीवरून आज्ञा पाठवून वारशाची सोय चालू केल्यावर तो थांबला. आमच्या वर्गात हे उदाहरण दर वर्षी सांगितलं जातं. मीच सांगतो. तरी जळगावच्या शेडमध्ये ते समोर उभं असताना मी अकरा दिवस रबराची चाकं बदलत होतो.

पिनांवरून आकडे मिळाले. कार्डावरचं लिखाण साधारण ९ मिलिसेकंद घेई, मधे मॉडबस आलं तर आणखी ५. म्हणजे लॉक १४ मिलिसेकंद अडकलेलं. मिनिटाला ६० मीटर म्हणजे सेकंदाला १ मीटर, म्हणजेच दर मिलिसेकंदाला १ मिलिमीटर. मोकळीक ६ मिलिमीटरची. त्या १४ मधल्या पहिल्या ८ मिलिसेकंदांत पंचाची वेळ आली, तर भोक हद्दीबाहेर जाणार. ड्रिपर दर ४०० मिलिसेकंदांनी येतो, म्हणून एका बंडल-बदलाला ही गाठ पडायची शक्यता ४०० त ८, म्हणजे २ टक्के. दिवसाला १७० च्या आसपास बंडलं, तर तीन-साडेतीन भोकं. आम्हाला १६८ त ३ मिळाली होती.

हाच हिशोब जुन्या वेगाला लावला तेव्हा मालक बराच वेळ गप्प बसले. मिनिटाला ३० मीटरला मोकळीक वेळेच्या भाषेत १२ मिलिसेकंद होते, धोक्याची खिडकी २ मिलिसेकंदांची उरते आणि ड्रिपर ८०० मिलिसेकंदांनी येतो. म्हणजे साडेचार-पाच दिवसांत एखादं भोक तेव्हाही चुकत असणार. दोष जानेवारीत जन्माला आला नव्हता, कंट्रोलरसोबतच आला होता.

मूळ पुरवठादाराच्या कागदांत वेळेचा हिशोब होता, तो वाचण्यासारखा आहे. प्रत्येक टास्कला किती वेळ लागतो, किती वेळाने येतं, त्यावरून प्रोसेसर ४० टक्केच व्यग्र आहे, आणि टास्कं वेळेत होतील याची हमी देणाऱ्या १९७३ च्या लिऊ-लेलँड सूत्राची मर्यादा टास्कं कितीही असली तरी ६९ टक्क्यांच्या खाली जात नाही, म्हणून सगळं सुरक्षित. गणित बरोबर आहे. फक्त ते सूत्र एकमेकांची वाट न पाहणाऱ्या टास्कांसाठी आहे. इथे टास्कं लॉकने बांधलेली होती. मथाई जोसेफ आणि परितोष पंड्या यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या प्रतिसाद-वेळेच्या पद्धतीत, खालच्या टास्कामुळे थांबावं लागणाऱ्या वेळेचं एक पद पुढे जोडलं जातं. दोघांचंही नातं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेशी, म्हणून हे नाव मी वर्गात थोडं जास्तच जोरात घेतो. पुरवठादाराच्या तक्त्यात त्या पदाचा रकाना होता. त्यात सगळीकडे शून्य भरलेलं होतं.

विद्यार्थ्याने पुढे जाऊन चार टास्कं, लॉक आणि ड्रिपरची येजा यांचं टाइम्ड ऑटोमॅटा मॉडेल, म्हणजे घड्याळं जोडलेल्या अवस्थांचा नकाशा, उप्पाल या साधनात बांधलं. उप्साला आणि ऑल्बोर्ग या दोन विद्यापीठांनी मिळून ते केलं म्हणून त्याचं असं नाव. प्रश्न साधा विचारला: पंच ५ मिलिसेकंदांहून जास्त उशिरा सुटेल अशी एखादी वाट आहे का? साधनाने ती वाट पायरी-पायरीने काढून दिली, आणि ती लॉजिक ॲनालायझरवरच्या रेघांशी जुळत होती. एक टास्क दुसऱ्याला मधेच थांबवतं ते मॉडेलमध्ये दाखवायला थांबणारी घड्याळं लागतात आणि त्यामुळे साधनाचं उत्तर कधी कधी गरजेपेक्षा घाबरट येतं. प्रत्यक्षात घडू न शकणाऱ्या वाटाही ते दाखवतं. म्हणून मिळालेली प्रत्येक वाट पिनांवर पडताळायची, हा नियम आम्ही पाळला.

पर्याय

एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडला होता. मालकांसमोर चार वाटा ठेवल्या.

वेग पुन्हा ३० वर आणायचा. आजच्या आज होणारं काम, पण दोष उरतोच हे आता सगळ्यांना माहीत होतं, आणि ऐन हंगामात निम्मं उत्पादन.

कंट्रोलर काढून पीएलसी, म्हणजे कारखान्यांत सर्रास वापरला जाणारा तयार कंट्रोलर, बसवायचा. मालकांचा कल इकडे होता, कारण पीएलसी दुरुस्त करणारा माणूस जळगावात सहज मिळतो. हा मुद्दा मला आजही वजनदार वाटतो. पण साध्या पीएलसीचा स्कॅन, म्हणजे त्याच्या कामाची एक फेरी, १० मिलिसेकंदांचा असला, तर तेवढ्यात नळी १० मिलिमीटर पुढे जाते. वेगवान काउंटर असलेला पीएलसी घ्यावा लागला असता, आणि तो मागवून, प्रोग्राम करून, तपासून बसवेपर्यंत मे संपला असता.

सेमाफोरच्या जागी म्युटेक्स. एका ओळीचा बदल. विद्यार्थ्याला हेच करायचं होतं आणि खरं सांगायचं तर मलाही. निर्णयाची ही जागा सगळ्यांत नाजूक होती. कारण हे केलं असतं तर सुधारणा दिसली असती आणि आम्ही घरी गेलो असतो. मॉडेलमध्ये आधी करून पाहिलं तेव्हा कळलं, की म्युटेक्स मॉडबसचे ५ मिलिसेकंद वाचवतो, पण कार्डाचे ९ तसेच राहतात. साडेतीनच्या जागी दिवसाला एखाद-दुसरं भोक चुकत राहिलं असतं. शिवाय ९ हा आम्ही पाहिलेला आकडा. कार्ड जुनं झालं, आतल्या आत साफसफाई करू लागलं, तर एका लिखाणाला बराच जास्त वेळ लागू शकतो. एसडी कार्डाच्या मानकात लिखाणासाठी २५० मिलिसेकंदांपर्यंत वाट पाहायची मुभा आहे. तेवढ्यात नळी पाव मीटर गेलेली असते.

चौथी वाट: पंच कुणाचीच वाट पाहणार नाही अशी रचना नव्याने करायची. योग्य, पण हंगामात उघडून ठेवता न येणारी.

काय केलं

काम दोन टप्प्यांत करायचं ठरलं. एप्रिलमध्ये तीन छोटे बदल: म्युटेक्स घातला, नोंदीच्या टास्काने लॉक घेऊन फक्त ४८ बाइटची प्रत काढायची, लॉक सोडायचं आणि मग निवांत कार्डावर लिहायचं, आणि पंचाने आधी भोक पाडून नंतर आकडा वाढवायचा. मॉडेलमध्ये उशिराची वाट सापडेनाशी झाली. तरी तेवढ्यावर लाईन सोपवली नाही. विद्यार्थ्याने कार्डाच्या लिखाणात मुद्दाम २५० मिलिसेकंदांचा विलंब घातला आणि बंडल ५०० च्या जागी १० मीटरला बदलेल असं केलं. रात्री टाकाऊ नळीवर दोन हजार बंडल-बदल झाले. एकही भोक जराही सरकलं नाही. आप्पा पहाटेपर्यंत लाईनीशी थांबले होते. ठोका सरळ येतोय, असं त्यांनी सांगितल्यावर माझा जीव भांड्यात पडला.

दुसरा टप्पा पावसाळ्यात. इथे मूळ विचारच बदलला. जुना कंट्रोलर वेगावरून वेळ काढी आणि वेळ झाली की पंच सोडी. पण आपल्याला पाळायचं असतं ते अंतर. नळी थबकली, वेग चढता असला, तर वेळ चुकते, अंतर चुकत नाही. म्हणून पंच थेट एन्कोडरच्या मोजणीवर बांधला. चाकाचा परीघ २०० मिलिमीटर, एका फेऱ्याला ४००० मोजण्या, म्हणजे एक मोजणी ०.०५ मिलिमीटरची. सेन्सरने फुगवटा टिपला की त्या क्षणीच्या मोजणीत ६४०० मिळवायच्या, हवेचा व्हॉल्व्ह उघडायला लागणाऱ्या ९ मिलिसेकंदांपोटी चालू वेगाप्रमाणे थोड्या वजा करायच्या, आणि तो आकडा टायमरच्या तुलना-रजिस्टरमध्ये ठेवायचा. मोजणी तिथे पोहोचली की हार्डवेअरकडूनच सूचना येते आणि तिचा इंटरप्ट, म्हणजे चालू काम बाजूला सारून लगेच चालणारा कोड, पंच सोडतो. टास्क, लॉक, कार्ड यांपैकी कुणीही त्या वाटेत उभं नाही. नोंदीला जे हवं ते पंच एका रांगेत टाकून मोकळा होतो.

मॉडेलने न पाहिलेली चूक

नव्या रचनेचं मॉडेल तपासून झालं, सगळे गुणधर्म पास झाले, आणि चाचणीच्या बाकावर चालवल्यावर पहिल्याच मिनिटात दर दहातलं एक भोक भलत्या जागी पडलं.

टायमर १६ बिटचा. ६५,५३६ मोजण्या झाल्या की शून्यावर येतो, म्हणजे दर ३.२८ मीटरला एकदा. ‘लक्ष्य मागे पडलं का’ हे तपासताना विद्यार्थ्याने साधी मोठा-लहान तुलना लिहिली होती. फुगवटा शून्यावर येण्याच्या थोडा आधी टिपला, तर लक्ष्याचा आकडा चालू आकड्यापेक्षा लहान निघे आणि पंच लगेच सुटे. ३२० मिलिमीटर हे ३.२८ मीटरचा जवळपास दहावा भाग, म्हणून दहातलं एक. फरक काढून तो चिन्हासहित वाचला की प्रश्न मिटतो, आणि तो अर्ध्या तासात मिटला.

विद्यार्थी मात्र दोन दिवस अस्वस्थ होता. मॉडेलने पास म्हटलं कसं? कारण मॉडेलमधलं अंतर कधी शून्यावर येतच नव्हतं. सोयीसाठी आम्हीच ते अखंड धरलं होतं. त्याने हा प्रसंग प्रबंधात जसाच्या तसा लिहावा, असा मी आग्रह धरला. परीक्षकांसमोर नामुष्की होईल अशी त्याला भीती होती. तोंडी परीक्षेत सर्वांत जास्त वेळ त्याच पानावर चर्चा झाली.

पाठवून झालेल्या बंडलांचं काय

हा प्रश्न तांत्रिक नव्हता, पण सगळ्यांत अवघड हाच होता. जानेवारी ते एप्रिल या काळातली बंडलं शेतांत पोहोचली होती. त्यातल्या शंभरातल्या दोनांत एक चुकलेलं भोक असणार, आणि ते कुठे असणार हे आता आम्हाला सेंटीमीटरात माहीत होतं. मालकांच्या घरात दोन मतं होती. त्यांचे धाकटे भाऊ म्हणत, ज्याची तक्रार येईल त्याला बदलून देऊ, आपण होऊन सांगितलं तर बाजारात नाव जाईल. मालकांनी एक रात्र मागून घेतली. दुसऱ्या दिवशी सगळ्या डीलरांना फोन केले: न उघडलेल्या बंडलाचं आतलं टोक सव्वासात मीटरपर्यंत बघा, अंथरलेली असेल तर शेतकऱ्याला डबक्याची खूण सांगा, जॉइनर आणि माणूस आम्ही पाठवतो.

हे पुरेसं नव्हतं. अंथरताना नळी ओळींच्या मापाने कापली गेली होती, टोक कुठलं ते शेतात कुणाला ओळखू येणार? सगळ्या शेतांपर्यंत निरोप पोहोचला नाही. ऑक्टोबरात कांदेबागेच्या, म्हणजे त्या सुमारास लावायच्या केळीच्या, तयारीच्या वेळी चोपड्याकडून आणखी एक तुकडा आला. पाहिल्यापाहिल्या कळलं की तो मार्चचा आहे.

आज पुन्हा करायचं झालं तर

आप्पांशी पहिल्या दिवशी बोललो असतो. प्रश्नही ठरलेला ठेवला असता: हे केव्हा होतं, आणि केव्हा कधीच होत नाही? त्यानंतर आता कुठल्याही कारखान्यात गेलो की विद्यार्थ्यांना आधी मशीनवरच्या माणसाजवळ एक पाळी बसायला लावतो.

चुकलेल्या भोकाची लाईनीवरची जागा सगळ्यांत आधी शोधली असती. आम्ही ‘किती’ मोजत बसलो. ‘कुठे’ मोजलं असतं तर कारण एका दिवसात हाती आलं असतं.

मालकांनी वेग दुप्पट केला तेव्हा कंट्रोलर बदलला नाही म्हणून तो तपासायचं कुणाच्या मनात आलं नाही. जुन्या कंट्रोलरच्या कागदांत वेळेची मुदत मिलिसेकंदांऐवजी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असती, तर वेगाचा आकडा बदलताच ती मुदत निम्मी झाल्याचं दिसलं असतं. नव्या कंट्रोलरच्या कागदांत आता तशीच लिहिली आहे आणि त्याखाली प्रत्येक टास्कासमोर ‘कुणासाठी थांबतं आणि किती’ हा रकाना आहे. शून्य भरायचं असेल तर शून्य का, ते लिहायचं.

एका बाबतीत माझं मत अजून ठरलेलं नाही. पीएलसी नाकारून आम्ही मालकांना जी रचना दिली, ती वेळेच्या दृष्टीने भक्कम आहे, पण तिचा कोड समजणारी माणसं आज दोनच, मी आणि तो विद्यार्थी, आणि तो आता बंगळुरूला नोकरीला आहे. जुना पुरवठादार निघून गेल्यामुळे जी अडचण झाली होती, तीच आम्ही वेगळ्या रूपाने ठेवली का? म्हणून या वर्षी पदविकेच्या दोन मुलांना त्या कोडवर बसवलं आहे. दोघंही एमआयडीसीजवळच राहणारी.

सध्या लाईन मिनिटाला ७५ मीटरने चालते. नमुना आता बंडलाच्या दोन्ही टोकांचा घेतात. मालकांना ९० हवे आहेत. तिथे दर मिलिसेकंदाला दीड मिलिमीटर जातो आणि आता उरलेली चूक सगळी हवेच्या व्हॉल्व्हची आहे. आम्ही धरलेले ९ मिलिसेकंद सकाळी ९ असतात, दुपारी कंप्रेसर तापला आणि दाब उतरला की साडेदहापर्यंत जातात. दाबाचा सेन्सर बसवून त्याप्रमाणे मोजणी आधी-नंतर करायची, की व्हॉल्व्हच बदलायचा, याचे प्रयोग चालू आहेत. ते होईपर्यंत ९० ला हो म्हणायचं नाही, असं मालकांना कळवलं आहे.